अनुभव धागा: "मला दिसतच नाही गं, आई"

कडेकोपरा:
काल लेकीच्या गृहपाठात घनाच्या घडणी आल्या. सहा चौकोन जोडलेली आकृती, आणि घडी घातल्यावर ठिपक्याच्या समोर कोणती बाजू येईल ते सांगायचं. दोन मिनिटं बघून ती म्हणाली, "मला दिसतच नाही गं, आई." माझ्या काळजात चर्रर्र झालं. कॉलेजात पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या तासाला मी हेच म्हणाले होते. समोर प्लॅन (वस्तू वरून दिसते तशी) आणि एलिव्हेशन (समोरून दिसते तशी), त्यावरून आयसोमेट्रिक, म्हणजे तिन्ही बाजू दाखवणारं तिरकं चित्र, काढायचं होतं. सगळ्यांचे मिनी ड्राफ्टर (रेषा आखायचं साधन) सरकत होते, माझी शीट कोरी. सर म्हणाले, "ही नजर उपजतच असावी लागते." ते मी खरं धरून बसले.

मग एका सीनियर ताईने साबणाची वडी आणि सुरी हातात दिली. म्हणाली, आकृतीत आहे तशी खाच काप. कापली. एक डोळा मिटून वरून बघितली, समोरून बघितली, बाजूने बघितली. शीटवरची तुटक रेषा म्हणजे मागे लपलेली कड, हे त्या वडीवर बोट फिरवताना कळलं. त्या संध्याकाळी तीन वड्या संपवल्या.

काल लेकीला पुठ्ठा आणि कात्री दिली. घनाच्या एकूण 11 घडणी होतात. तिने सात शोधल्या. तिला आठवी वाटलेली आकृती उलटी करून ठेवली तर चौथीच निघाली, तेव्हा काय हसली! तुमचेही अनुभव लिहा. कुणाला असं "तुझ्यात नाही ते" म्हटलं गेलं असेल तर नक्कीच.

सुईदोरा:
दोन्ही बाह्या एकाच हाताच्या!! शिवण शिकताना माझ्या झाल्या होत्या. कापड एकेरी होतं, कागदाचा कट न उलटता दोनदा ठेवला. बाहीला पुढचा मुंढा (खांद्याकडचा गोलावा) जास्त खोल कापतात, म्हणून डावी-उजवी एकमेकींची आरशातली प्रतिमा हवी. कापून झाल्यावर लक्षात आलं, रडले होते. आता कापड आधी सुलट बाजू आत घेऊन दुहेरी घालते, मगच कात्री.

भोपळेचौक:
कपाट जमिनीवर आडवं ठेवून जोडलं. कपाटाची उंची 200 सेंमी, पुढून मागे 60, छत 206 वर. बसेल ना? उभं करायला गेलो तर मधेच छताला अडकलं. उभं होताना कपाटाचा कर्ण फिरतो, आणि तो जवळपास 209. पायथागोरस तोंडपाठ होता तरी छताकडे बघताना आठवला नाही. सगळे स्क्रू काढून उभ्यानेच पुन्हा जोडलं.

वळणदार:
@भोपळेचौक, काटकोनी वळणातून जास्तीत जास्त केवढा सोफा जाईल हा खरोखरचा गणिती प्रश्न आहे. लिओ मोझर यांनी 1966 मध्ये मांडला. बोळाची रुंदी 1 धरली तर 1992 मध्ये गर्व्हर यांनी सुमारे 2.2195 क्षेत्रफळाचा आकार दिला. टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरसारखा दिसतो.

मुळाक्षर:
साबण कुठला घ्यावा? मुलासाठी आजच करायचंय.

पाटीपेन्सिल:
शिकवते म्हणून लिहिते. शेपर्ड आणि मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांचा 1971 चा प्रयोग आहे. दोन आकृत्या एकच आहेत का ते ओळखायचं. एक जितक्या अंशांनी फिरवलेली, तितका उत्तराला वेळ जास्त. म्हणजे मनात वस्तू खरंच फिरवावी लागते, आणि फिरवायला वेळ लागतो. चटकन दिसलं नाही म्हणून मुलाला मठ्ठ ठरवू नका हो. सरावाने ही नजर सुधारते, मी दरवर्षी वर्गात बघते. सरळ ओळीतल्या चौकोनांत एक सोडून पुढचा चौकोन समोर येतो, हे मी लगेच सांगत नाही. आधी घड्या घालू देते.

कोरापडदा:
मला डोळे मिटून काहीच दिसत नाही. सफरचंद म्हटलं की शब्द येतो, चित्र नाही. 2015 मध्ये याला अफँटेझिया हे नाव मिळालं. पण घडणीची गणितं मला येतात! मी कडा मोजते, ही कड त्या कडेला चिकटली तर ती कुठे, असं. म्हणून लेकीला "डोळ्यासमोर आण" एवढंच म्हणू नका, दुसरी वाटही दाखवा.

परतवाट:
विषय थोडा वेगळा. बाबांची आधी नावं नाही हरवली, वाट हरवली. रोजच्या वळणावर थांबले आणि मला विचारलं, "आता कुठे?" अल्झायमरमध्ये मेंदूचा जो भाग लवकर बाधित होतो तोच जागेची जाणही सांभाळतो, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आता खोलीपासून बाथरूमपर्यंत जमिनीवर निळी पट्टी चिकटवलीय. तिच्यावरून चालतात.

सुईदोरा:
@परतवाट, डोळे भरून आले. पट्टी कोपऱ्यावर सुटते, तिथे पाय अडकेल. कडा दाबून घेत जा.

परतवाट:
हो ताई, रोज रात्री बघतो.

कडेकोपरा:
@परतवाट, स्वतःकडेही लक्ष द्या. @कोरापडदा, कडा मोजायची युक्ती लेकीला वाचून दाखवली, ती पुठ्ठ्यावर आकडे लिहीत बसलीय. @मुळाक्षर, नवी मऊ वडी घ्या. जुनी वाळलेली कापताना भेगाळते आणि खाचेची कड तुटते. आणि सुरी तुम्ही धरा. आठवी सापडली वाटतं, हाका मारतेय, आलेच.