मदत हवी आहे: भीती नैसर्गिक, मग उपचार का, हे कसं समजवावं?

नमस्कार मंडळी. हर्णैला मासे विकणाऱ्या बायकांच्या बैठकीत चिंतेच्या आजाराबद्दल बोलायचंय. वेळ वीस मिनिटं, प्रोजेक्टर नाही.

भीती मुळात का आली, ते सांगणं जमतं. पातेऱ्यातली काठी फुरसं वाटून पाय मागे येतो. दहादा उगाच दचकलेलं परवडतं, एकदा न दचकलेलं जिवावर बेततं. मनोविकारतज्ज्ञ रँडॉल्फ नेसी यांचा धुराच्या भोंग्याचा दाखला हाच: पोळी करपली तरी भोंगा उगाच वाजतो, ते चालतं, पण खऱ्या आगीत गप्प राहिला तर चालत नाही. मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका यांचा माकडांवरचा प्रयोगही मी सांगते: माकडं प्रयोगशाळेत वाढलेली, पण दुसरं माकड सापाला घाबरताना पाहून सापाला घाबरायला शिकली, फुलांना घाबरणारं माकड दाखवलं तरी फुलांना मात्र नाही.

अडतंय पुढे. ओळखीतल्या बायकांना आधी ऐकवलं, तर लगेच, "म्हणजे नैसर्गिकच ना, मग गोळ्या कशाला?" काहींची औषधं चालू आहेत, म्हणून मला याची फार काळजी वाटते. तापाचं उदाहरण दिलं: तोही शरीराचा बचावच, तरी फार चढला की उतरवावा लागतो. त्यावर, "ताप मोजता येतो, भीती कशी मोजायची?"

जनुकं, मेंदूतली रसायनं नकोत. वादळाचे दाखलेही नकोत. समुद्रात घरचं माणूस गमावलेल्या तिथे असतील.

उपयोगाची भीती कुठे संपते आणि डॉक्टरकडे कधी जायचं, हे रोजच्या व्यवहारातून दाखवणारं उदाहरण कोणी लोकांसमोर वापरलंय का?