विषय: पार्ल्यातला पियानो कानाने लावावा की ॲपने?

> नमस्कार मंडळी, पार्ल्याच्या घरी आईचा जुना अपराइट पियानो आहे. डिसेंबरात सगळे जमणार, त्याआधी लावून घ्यायचाय. एक जण ट्यूनिंग फोर्क घेऊन येतो, दुसरा टॅबलेटवरच्या ॲपने लावतो. कोणाला बोलवू?

ताई,

फोर्कवाला ४४० हर्ट्झचा एकच सूर घेतो आणि मधलं सप्तक त्यावरून कानाने बसवतो. पंचम शुद्धापेक्षा जवळपास २ सेंट उतरता, गंधार जवळपास १४ सेंट चढा (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार ऐकत वाढलेल्या कानाला हा खुपतो, पण सगळ्या पट्ट्यांत वाजवायचं तर इलाज नाही. दोन स्वर एकत्र वाजले की आवाज लहरतो, त्या लहरींच्या वेगावरून तो अंतर ठरवतो. मधल्या सी (C) स्वराच्या खालच्या एफ-ए (F-A) जोडीत त्या सेकंदाला साधारण ७ येतात.

ॲप तारांचे उपस्वर (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे बारीक सूर) मोजतं. पियानोची तार ताठ असते, त्यामुळे तिचे उपस्वर हिशेबापेक्षा चढे निघतात. म्हणून वरची सप्तकं किंचित चढी आणि खर्ज किंचित उतरता ठेवावा लागतो. हे प्रमाण प्रत्येक पियानोचं वेगळं. खास पियानोचं ॲप ते काढतं, गिटारचा साधा ट्यूनर काढत नाही. तो घेऊन कोणी आला तर सरळ परत पाठवा.

खरी परीक्षा पुढे आहे. बहुतेक स्वरांना तीन तारा असतात. फेल्टची पट्टी खोचून कडेच्या दोन बंद करतात, मधली लावतात, मग एकेक उघडून तिच्याशी मिळवतात. हे काम मी तरी कानावरच सोपवेन. शिवाय खुंटी नीट बसली नाही, तर चार जोरदार ठोक्यांत तार उतरते, आणि ते सगळं हातात असतं. तेव्हा दोघांनाही एकेक स्वर लावायला सांगा, तो स्वर जोरात वाजवा आणि पुन्हा ऐका. ज्याचा सूर हलणार नाही, त्याला काम द्या.

आणि पावसाळा पूर्ण सरू द्या. दमट हवेत साउंडबोर्ड (तारांमागची लाकडी फळी) फुगतो, सूर चढतात. तेव्हा लावलेला पियानो हवा कोरडी झाली की उतरतो. नोव्हेंबरअखेर बरी.

> आभार, काका. बरीच वर्षं कोणी हातच लावलेला नाही. चालेल ना?

चालेल, पण एका फेरीत होणार नाही. आधी सगळ्या तारा ढोबळमानाने वर आणायच्या, मग बारकाईने लावायच्या, कारण ताण वाढला की आधी लावलेल्या तारा पुन्हा उतरतात. तारा गंजलेल्या असतील तर ४४०चा हट्ट नको, तुटतील. थोडा खाली, पण आपसात जुळलेला ठेवायला सांगा. मात्र सोबत पेटी वाजणार असेल तर हे आधीच बोलून घ्या, पेटीचे सूर ऐनवेळी खाली आणता येत नाहीत.