मदत हवी आहे: भाच्याची सैन्यभरती आणि एक अवघड प्रश्न

नमस्कार मंडळी. आम्ही रत्नागिरीचे. भाचा अग्निवीर भरतीची तयारी करतोय. पहाटे पाचला भाट्याच्या पुळणीवर धावतो, घरी येतो तो पोटऱ्यांपर्यंत ओल्या वाळूने माखलेला. परवा मागच्या पडवीत सुपारी सोलता सोलता खाली मान घालून म्हणाला, "मामा, मला मुलगे आवडतात. भरती होऊ की नको?" मी अडकित्ता खाली ठेवला, एवढंच. त्याच्या आईला अजून काही माहीत नाही.

मी वाचलंय ते असं: 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने सज्ञानांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम 377 मधून वगळले. पण आर्मी ॲक्ट 1950 चं कलम 46 आहेच. 'अनैसर्गिक' वर्तनाला सात वर्षांपर्यंत शिक्षा. घटनेचं कलम 33 संसदेला जवानांचे मूलभूत हक्क कमी करू देतं. जानेवारी 2019 मध्ये लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी सैन्यात हे चालू देणार नाही, असं स्पष्टच सांगितलं. ब्रिटनने 2000 साली बंदी उठवली, अमेरिकेने 2011 मध्ये. इथे मात्र पोरगं गप्प राहिलं तरच नोकरी, असंच दिसतंय.

कोणी माजी सैनिक किंवा लष्करी कायद्यातले वकील आहेत का इथे? नुसतं कळलं तरी कारवाई होते, की काही घडल्यावरच? नेव्ही, कोस्ट गार्डमध्ये वेगळं आहे का? "लग्न लावून द्या, सुधारेल" वाल्यांनी कृपया पुढे सरकावं. भरतीचा फॉर्म त्याने अर्धा भरून ठेवलाय.