फिनिक्स सन्सचा सीझन कुणी घालवला? कोच, बील की मालक

टिळकवाडी_झोन

NBA चा, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगचा, 2024-25 चा सीझन संपून तीन महिने झाले. ड्युरांट ह्यूस्टनला गेला, बीलचा बाय-आऊट झाला (पैसे देऊन करार मोडला) आणि तो क्लिपर्सकडं गेला, तरी ते 36-46 (36 जिंकल्या, 46 हरल्या) माझ्या डोक्यातनं जात नाही. 2021 च्या फायनलपासनं मी सन्स बघालोय. फिनिक्सला संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडं सकाळचे साडेसात, मोबाईल तांब्याला टेकवून ठेवायचा, चहा तसाच गार होतो, आणि चौथा क्वार्टर उभ्यानं शर्टाची बटणं लावत बघायचा. यंदा कितीतरी सकाळी तिसऱ्या क्वार्टरलाच मोबाईल खिशात घालून कामाला गेलो. वेस्टमध्ये अकरावे, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या जागा ठरवणारी प्ले-इनसुद्धा नाही. आणि हा लीगमधला सगळ्यात महाग संघ, पगाराची मर्यादा ओलांडल्याचा नुसता लक्झरी टॅक्सच दीडशे मिलियन डॉलरच्या घरात.

काल आपल्यातल्या एकानं लिहिलं की सगळी चूक कोच बुडेनहोल्झरची. मला ते अजिबात पटत नाही. एप्रिलमध्ये त्याला काढला, त्याच्या आधी 2024 ला व्होगेलला काढला, जो 49 मॅच जिंकून प्लेऑफला गेला होता, त्याच्या आधी 2023 ला माँटी विल्यम्सला, ज्यानं 64-18 केलेलं. तीन वर्षांत तीन कोच गेले आणि मालक तोच, मग दोष कुठं शोधायचा?

मालक इश्बियानं फेब्रुवारी 2023 ला टीम घेतली आणि लगेच ड्युरांटसाठी मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन आणि पहिल्या राऊंडच्या चार पिक (ड्राफ्टमध्ये नवीन पोरं निवडायचे हक्क) देऊन टाकल्या. नंतर बीलसाठी ख्रिस पॉल. मग एटन पण गेला. 2021 च्या फायनलमधला एकटा बुकर उरला. बीलचा करार पाच वर्षांचा 251 मिलियनचा, आणि त्यात नो-ट्रेड क्लॉज, म्हणजे त्याची मर्जी नसेल तर कुठं पाठवता येत नाही. ड्युरांट, बुकर, बील या तिघांच्या पगारातच सगळं संपलं, पेरोल सेकंड एप्रनच्या, म्हणजे पगाराच्या सगळ्यात वरच्या मर्यादेच्या, वर गेला. तिथं गेलं की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, नवीन खेळाडू घ्यायला मिळणारे मिड-लेव्हलचे पैसे वापरता येत नाहीत. मग उरलेली टीम मिनिमम पगारावर भरायची. आमच्याकडं म्हणतात तसं, तीन तिघाडा काम बिघाडा.

एक प्ले सांगतो, यंदा शंभर वेळा बघितलाय. समोरच्या गार्डला स्क्रीन मिळते, म्हणजे त्याचा जोडीदार आपल्या गार्डच्या वाटेत उभा राहतो, आपला गार्ड स्क्रीनमध्येच अडकतो, आपला सेंटर मागं सरकून रिंगखाली पेंटमध्ये उभा. दोघांच्या मध्ये दहा फूट मोकळी जागा. तो गार्ड निवांत थांबतो, बघतो, शॉट मारतो. मदतीला कुणी आलं की बॉल कोपऱ्यात आणि थ्री. ब्रिजेस असता तर स्क्रीनच्या वरनं खांदा घालून मागं लागला असता, शॉट मारताना हात डोळ्यासमोर आला असता. तो हातच यंदा टीममध्ये नव्हता, आणि तो कोचनं विकला नव्हता.

निपाणी_पॉईंट

मर्दा सगळं बरोबर मांडलंस पण घोडं पेंड खातंय ते दुसरीकडं. ड्युरांट 62 मॅच खेळला, त्यात 33-29. तो नव्हता त्या 20 मॅचमध्ये 3-17. परत वाच, 3-17. सुरुवातीला 8-1 होतो की आपण, सगळी लीग बघत होती, मग त्याची पोटरी दुखावली आणि तो नसताना सातपैकी सहा हरलो, 9-7 झालो. मग ड्युरांट आणायची चूक झाली असं कसं म्हणतोस? 36 वर्षाचा माणूस मॅचला 26 च्या वर पॉईंट काढतोय, त्यानं अजून काय करायचं?

माझं म्हणणं कोचवरच आहे. ज्या सेंटर नर्किचनं मार्च 2024 ला एका मॅचमध्ये 31 रिबाऊंड घेतले, फ्रँचायझीचा रेकॉर्ड, त्याला जानेवारीनंतर बेंचवरनं उठू दिलं नाही आणि शेवटी शार्लटला पाठवला. बीलला जानेवारीत स्टार्टिंगमधनं काढलं, परत घेतलं. रोज नवीन पाच. खेळाडूला आपण कुठं उभं राहायचं तेच कळत नव्हतं.

शहापूर_पोस्ट

दादा, तुम्ही दोघंही ऑफिसमधली गोष्ट करालाय, मी मैदानातली करते. मी तीन वर्षं कॉलेजच्या टीममधनं खेळले. आमचं ग्राऊंड सिमेंटचं, मॅडम खडूनं रिंगखाली अर्धगोल काढायच्या आणि सांगायच्या, शॉट सुटला की बॉलकडं बघायचं नाही, आधी आपली पोरगी शोधायची, तिला पाठ लावायची, कंबर खाली, आणि त्या रेषेच्या आत येऊ द्यायची नाही. तळहात खरचटायचे, गुडघे फुटायचे. आमच्यात शूटर एकच होती, बाकी सगळ्या ही कामं करायच्या.

आता सन्सचा शेवट बघा. मार्चच्या चोवीसला 35-37, प्ले-इन डोळ्यासमोर. त्यानंतर दहापैकी नऊ हरले. ड्युरांटचा घोटा ह्यूस्टनच्या मॅचमध्ये मुरगळला हे खरं, पण त्याच मॅचमध्ये घरच्या मैदानावर 148 पॉईंट खाल्ले, आणि त्याच्या आधी बॉस्टनकडनं 30 पॉईंटनी हरले तेव्हा तो खेळत होता की. ती मॅच मी पूर्ण बघितली. शॉट सुटला की पाचपैकी तिघं उभे राहून रिंगकडं बघालेत. तो बॉक्स-आऊट, समोरच्याला पाठ लावून अडवणं, मालकानं करायचा नसतो, आणि त्याला ड्राफ्ट पिक पण लागत नाही. रायन डन बघा, ड्राफ्टमधला 28 व्या नंबरचा, पहिल्याच वर्षाचा रुकी, शॉट नीट पडत नव्हता पण प्रत्येक पझेशनला अंग टाकायचा. मोठ्या पगाराच्या तिघांनी तेवढं केलं असतं तर हा धागा निघालाच नसता असं मला मनापासून वाटतं.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

रात्री पाळीवरनं येऊन हायलाईट बघणारा मी, पण एक विचारतो झोनला. सेकंड एप्रन सेकंड एप्रन म्हणालायस, बॉस्टन पण वरच होती की. 61 मॅच जिंकली. मिनेसोटा पण वर, ती वेस्टच्या फायनलला गेली. म्हणजे पैसा जास्त घातला हे कारण होऊ शकत नाही, मालक पैसा घालतोय तर फॅन म्हणून आपण त्याला का बोलायचं, हात आखडणारे मालक किती आहेत लीगमध्ये.

टिळकवाडी_झोन

@उद्यमबाग भावा हा मुद्दा चांगला काढलास, आणि माझं म्हणणं नेमकं हितंच आहे. पैसा घातला म्हणून मी बोलत नाही, कशावर घातला ते बघ. बॉस्टनचे जेलन ब्राऊन आणि टेटम कुठनं आले? ड्राफ्टमधनं. आणि कुणाच्या पिकनं? ब्रुकलिनच्या. 2013 ला ब्रुकलिननं वय झालेले गार्नेट आणि पिअर्स घेतले आणि पिक बॉस्टनला दिल्या, त्याच पिकवर ही दोन पोरं आली. घरी तयार झालेल्या दोघांवर पैसा घालणं वेगळं आणि पिक देऊन तिशीच्या पुढचे आणणं वेगळं. आपण बॉस्टन नाही झालो, आपण 2013 चं ब्रुकलिन झालो.

आणि सगळ्यात वाईट कशाचं वाटलं सांगू? ड्युरांटला ह्यूस्टनला दिला तेव्हा जेलन ग्रीन, डिलन ब्रूक्स आणि दहाव्या नंबरची पिक आली. ती दहावी पिक आपलीच होती. ड्युरांटच्या पहिल्या ट्रेडमध्ये ब्रुकलिनला गेलेली, तिथनं ह्यूस्टनला, तिथनं परत घरी.

@निपाणी 3-17 माझ्याच बाजूनं आहे रे. एक माणूस पोटरी धरून बसला की टीम तीनच मॅच जिंकते, याचा अर्थ त्याच्या मागं टीमच नव्हती.

खानापूर_फॉरवर्ड

आमच्याकडं भाताचं बियाणं वेगळ्या कणगीत असतं. पाहुणे आले, लग्न निघालं, काय पण झालं तरी आजी त्या कणगीला हात लावू द्यायची नाही. पाऊस लागला की पेरायला काय? इश्बियानं ती कणगी उघडली एवढंच मला कळतं. जानेवारीत तर 2031 ची पिक युटाला देऊन त्याच्या बदल्यात तीन हलक्या पिक घेतल्या, म्हणजे सहा वर्षं पुढचं पण उचललं.

पण बीलला शिव्या घालणं बंद करा, हात जोडून सांगतो. फेब्रुवारीत जिमी बटलर मिळत होता आणि बील नो-ट्रेड सोडेना म्हणून अडलं, असं सगळे म्हणतात. त्याला तो क्लॉज वॉशिंग्टननं दिला, सन्सनं डोळे उघडे ठेवून तो करार घेतला. कामगाराला लिहून दिलेला हक्क त्यानं वापरला तर तो वाईट? माझा बाप पण एका कारखान्यात होता, लिहून दिलेलं मिळवायला त्याला सात वर्षं खेटे घालावे लागले, त्यामुळं मला यात राग येतो. बील बेंचवर बसला तरी तोंड वाकडं न करता खेळला.

निपाणी_पॉईंट

खानापूर, बीलचं म्हणतोस ते मान्य, त्याच्यावर मी पण जास्तच बोललो असेन. पण बटलर वॉरियर्सकडं गेला आणि ते प्लेऑफला गेले हे पण बघ, तेवढा एक बदल झाला असता तर चित्र वेगळं असतं. त्याच आठवड्यात ड्युरांटला न विचारता त्याच्या ट्रेडची बोलणी केली, त्याला वॉरियर्सकडं परत जायचं नव्हतं, त्यानं नकार दिला आणि तो परत आपल्याच ड्रेसिंग रूममध्ये येऊन बसला. घरात मुलीचं स्थळ मोडल्यावर असतं तसं वातावरण, कुणी कुणाशी बोलेना. शहापूरताई म्हणतात ते तिघं उभे का होते याचं उत्तर मला यात दिसतं. अंग टाकायला मन लागतं.

जुने_पीटी_सर

पोरांनो, मी 1993 ची फायनल कॅसेटवर बघितलेला माणूस, बार्कलीची टीम, जॉर्डनपुढं हरली. 76 ला हरले, 93 ला हरले, 2021 ला 2-0 पुढं असून मिलवॉकीकडनं 4-2 हरले, आणि त्या मिलवॉकीचा कोच हाच बुडेनहोल्झर. म्हणून त्याला कोचिंग येत नव्हतं असं म्हणू नका.

माझ्या अनुभवात नवीन कोचची पद्धत पोरांच्या पायात उतरायला दोन सीझन लागतात. पहिल्या वर्षी पोरगं विचार करून पळतं, म्हणून अर्धं पाऊल उशीर होतो. झोननं सांगितलेला तो स्क्रीनचा प्ले परत आठवा, अर्ध्या पावलाचाच खेळ आहे तो. बुकरला तीन वर्षांत तीन वेगळ्या पद्धती शिकाव्या लागल्या, त्यात पॉईंट गार्डचं काम पण अंगावर. तरी यंदा फेब्रुवारीत तो सन्सचा सगळ्यात जास्त पॉईंट काढणारा खेळाडू झाला, वॉल्टर डेव्हिसला मागं टाकलं. त्या दिवशी पण टीम हरायच्याच रांगेत होती याचं मला फार वाईट वाटलं.

शहापूर_पोस्ट

सर, अर्ध्या पावलाचं पटलं. पण रिबाऊंडला पद्धत लागत नाही, एवढं मी सोडणार नाही.

टिळकवाडी_झोन

ताई, नका सोडू, तुमचं बरोबर आहे, बॉस्टनची ती मॅच मी काल रात्री परत लावली. दुसऱ्या क्वार्टरपर्यंत बघितली, पुढं बघवेना.

@निपाणी ट्रेडच्या बोलणीचं मी धरलं नव्हतं, ते धरायला पाहिजे. पण ती बोलणी पण कोचनं नाही केली रे.

निपाणी_पॉईंट

बरं, ते मालकाच्या खात्यावर टाक. नर्किच मात्र कोचच्याच खात्यावर राहणार. आता नवीन कोच जॉर्डन ऑट आलाय, बुकरनं पण 2030 पर्यंतची सही केली. ऑक्टोबरात पहिल्या मॅचला रविवार असो नसो, माझ्याकडं ये, टीव्हीवर बघू, तांब्याला टेकवून नको.