टार्गेटच्या ताणाने विमा एजंटचं काम सुधारतं की बिघडतं?

वाईकर
"मार्चएन्डला एजंटच्या मागे लागल्याशिवाय धंदा येत नाही," हे वाक्य आमच्या धंद्यात प्रत्येक मीटिंगला ऐकू येतं. मी बरीच वर्षं आयुर्विमा विकतोय आणि मला ते पटत नाही. ताणाने पॉलिसी वाढतात, पण कसल्या? शेवटच्या आठवड्यात मेहुण्याच्या, भाच्याच्या गळ्यात मारलेल्या. कधी पहिला हप्ताही एजंटच भरतो. अशी सूट द्यायला विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ ने मनाई आहे, तरी हे चालतं. वर्षभरात हप्ते थकून पॉलिसी लॅप्स, म्हणजे बंद. ग्राहकाचे पैसे बुडतात, एजंटचं पुढच्या हप्त्यांवरचं रिन्युअल कमिशन जातं आणि गावात त्या घरासमोरून जायची चोरी होते. एजंटचं काम तेराव्या महिन्याच्या पर्सिस्टन्सीवर, म्हणजे वर्षानंतरही किती पॉलिसी चालू राहिल्या यावर मोजा. कामात ज्याचं मन रमलंय तोच तिथे पुढे दिसेल.

सडेतोड_नाशिक
साफ असहमत. माझ्या हाताखाली एजंटांची मोठी टीम होती. रिन्युअल साचून घरखर्च निघायला लागला की माणूस नवीन दार वाजवायचं सोडतो. समाधान होतं, काम थांबलेलं होतं. टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, मागायला स्वतःहून किती जण येतात? कमावता माणूस गेल्यावर क्लेमचा चेक मी स्वतः घरी नेऊन दिलाय. त्यातल्या काही पॉलिसी मार्चच्या धावपळीतच निघाल्या होत्या. एजंट मागे लागला नसता तर त्या बाईच्या हातात काय पडलं असतं?

अनघा_मा
तुम्ही दोघंही समाधान आधी आणि काम नंतर असं धरून चालला आहात. टिमोथी जज हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये शेकडो अभ्यास एकत्र केले, तेव्हा समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.३० च्या आसपास निघाला. म्हणजे नातं आहे, पण मध्यम, आणि दिशा त्यातून ठरत नाही. निव्वळ कमिशनवर जगणाऱ्याच्या बाबतीत तर धंदा झाला म्हणून समाधान, हेही तितकंच शक्य आहे. शिवाय सगळा ताण एका जातीचा नसतो. अवघड पण आवाक्यातलं काम माणसाला पुढे ढकलतं. रोज बदलणारे आदेश आणि अपमान त्याला नुसते पोखरतात.

सखी_सांगोला
मी विमा सखी आहे, म्हणजे एलआयसीच्या महिलांसाठीच्या योजनेतली एजंट. पहिल्या वर्षी महिना ७,०००, पुढे ६,००० आणि ५,००० मानधन, वर्षाला २४ पॉलिसींची अट. सडेतोड दादा, तो आकडा नसता तर मी उंबरठा ओलांडला नसता, हे खरंच. पण दुसऱ्या वर्षीच्या मानधनासाठी आधीच्या ६५ टक्के पॉलिसी चालू असाव्या लागतात. त्यामुळे मी बायकांना आधी विचारते, डाळिंबाचे पैसे कधी हातात येतात, हप्ता तेव्हाचा लावू का? नकाराचा शीण रात्री झोपल्यावर जातो. हप्ता झेपणार नाही हे दिसत असताना कुणाचा फॉर्म भरला, तर मात्र झोपच लागत नाही.

सडेतोड_नाशिक
ताई, छान काम करताय. पण ६५ टक्के हेही टार्गेटच झालं ना?

वाईकर
झालंच. माझं भांडण टार्गेटशी नाही, ते कशाचं लावता याच्याशी आहे. ऑक्टोबर २०२४ पासून एलआयसीने पहिल्या वर्षाचं कमिशन ३५ वरून २८ टक्क्यांवर आणलं आणि रिन्युअलचं ५ वरून ७.५ वर नेलं. पॉलिसी टिकवणाऱ्याला जास्त मिळणार असेल तर मला ही दिशा योग्य वाटते.

सडेतोड_नाशिक
तुमच्यासारख्या जुन्याला योग्य वाटणारच! ज्याच्याकडे रिन्युअलच नाही त्या पोराचं पहिल्या वर्षाचं उत्पन्न घटलं. पोटाची चिंता असलेला माणूस चुकीची पॉलिसी गळ्यात मारणार नाही, याची हमी कोण देणार?

वाईकर
हा मुद्दा मान्य. म्हणूनच सखींना मिळतं तसं मानधन, पॉलिसी टिकवण्याच्या त्याच अटीसह, प्रत्येक नव्या एजंटला पहिली तीन वर्षं मिळायला हवं. मीटिंगा आणि बक्षीस समारंभांचा खर्च कमी करून तिकडे वळवा.

अनघा_मा
याला माझा पाठिंबा. फक्त मानधन बंद झाल्यावर, चौथ्या वर्षी किती जण टिकतात, तेही मोजायला हवं.