'स्पेस फॉल'मधलं बंड नेमकं कुठे फसलं?

प्रश्न:
'ब्लेक्स सेव्हन' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेचा दुसरा भाग 'स्पेस फॉल' (बीबीसी, ९ जानेवारी १९७८) पुन्हा पाहिला. 'लंडन' हे कैदी नेणारं अंतराळजहाज सिग्नस आल्फा या कैद्यांच्या ग्रहाकडे निघालंय, प्रवास आठ महिन्यांचा. ब्लेक, ॲव्हॉन आणि जेना हे कैदी जहाजाचा संगणक कक्ष ताब्यात घेतात, कोठडीची दारं उघडतात आणि तरी थोड्याच वेळात शरण येतात. संगणक हातात असताना हरले कसे? आणि नोव्हा हा कैदी मरतो तो प्रसंग इतका झटकन संपतो की नीट कळत नाही.

प्रतिसाद १:
संगणकावर दारं चालतात, माणसं नाही. गफलत इथेच झाली. दारं उघडल्यावर बाकीच्या कैद्यांनी पहारेकऱ्यांना आवरायचं, हा बेताचा दुसरा अर्धा भाग होता आणि तोच कोसळला. ते कैदी पुन्हा पकडले गेले. मग उपकप्तान रेकरला कक्षाचं दार फोडायची गरजच उरली नाही. तो एकेका कैद्याला गोळी घालू लागला आणि ब्लेकने दार उघडलं. ॲव्हॉन एकटा असता तर त्याने ते उघडलं नसतं. दोघांमधली जी तेढ पुढे मालिकाभर चालते, तिचं मूळ याच क्षणात आहे. कप्तान लेलन क्रूर नाही, पण रेकरला वेळेवर रोखण्याची धमकही त्याच्यात नाही.

प्रतिसाद २:
नोव्हाबद्दल. तो जहाजाच्या भिंतीआडच्या अरुंद पोकळीतून सरपटत चाललेला असतो. जहाजाला हादरे बसतात आणि कवचाला भोक पडतं. हवा निसटू नये म्हणून तिथे आपोआप जेलीसारखा पदार्थ सुटतो, फुगतो आणि ती जागा भरून टाकतो. आत माणूस आहे की नाही, हे त्या यंत्रणेला कळत नाही. फेस चढत जातो आणि नोव्हा त्यात गडप होतो. त्याला कुणी मारत नाही. भोक बुजवायची यंत्रणा तिचं काम चोख करते, म्हणूनच तो प्रसंग अंगावर येतो.

प्रश्नकर्ता:
आता उलगडलं. पण ब्लेक निर्दोष आहे, याचा पुरावा वकिलाला मिळाला होता ना? मग जहाज थांबवलं का नाही?

प्रतिसाद १:
पहिला भाग 'द वे बॅक' पाहा. लहान मुलांवर अत्याचार केल्याचा आरोप ब्लेकवर ठेवला, त्यासाठी त्या मुलांच्याच मनात खोट्या आठवणी रोवल्या. मुलं खोटं बोलत नव्हती, त्यांना ते खरंच वाटत होतं. वकील टेल व्हॅरॉन हे उघड करण्याआधीच त्याचा आणि त्याच्या बायकोचा खून होतो. ब्रिटनने १७८८ ते १८६८ या काळात ऑस्ट्रेलियाला कैदी धाडले, त्याचा हा अंतराळातला अवतार आहे. आपण ज्याला काळं पाणी म्हणतो, तेच.

प्रतिसाद ३:
एक भर घालतो. बंडानंतर 'लंडन'ला वाटेत एक बेवारस परकं जहाज दिसतं, पुढे त्याचंच नाव 'लिबरेटर'. त्यावर आधी गेलेले 'लंडन'चे कर्मचारी मरतात. मग 'मेले तरी चालतील' म्हणून ब्लेक, ॲव्हॉन आणि जेना या तिघांना पाठवतात. तिथली संरक्षण यंत्रणा समोरच्याला त्याची जिवलग माणसं दाखवून भुलवते. ब्लेक तिला फसत नाही. माझ्या मते, सरकारने त्याच्या आठवणींशी एकदा खेळ केलेला असल्यामुळेच त्याला हे सोंग ओळखता येतं.

व्हिला आणि गॅन हे त्यांचे सोबती कैदी मात्र 'लंडन'वरच राहतात. त्यांचं पुढे काय होतं ते 'सिग्नस आल्फा' या तिसऱ्या भागात आहे, तो लगेच पाहा.