उत्तर आल्यावर प्रश्न पुसून टाकायचा हक्क आहे का?

ओसरी (धागाकर्ता)

परवा निर्मळ यांनी लिहिलं, "मी लिहिलेलं माझं आहे. मी ते बदलीन, काढीन, रिकामं करीन, कुणी मला जाब विचारू नये." तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण ते वाचून जे डोक्यात गेलं ते दोन ओळींत मावणारं नाही म्हणून वेगळा धागा.

दोन वर्षांपूर्वी एकीने विचारलं होतं, आईला विस्मरण व्हायला लागलंय, रोज संध्याकाळी "मला माझ्या घरी जायचंय" म्हणत दाराशी जाऊन उभी राहते, घरातच असताना, तर तिला खरं काय ते सांगायचं का. मी माझ्या वडिलांचं हे चार वर्षं केलंय. रात्री अकराला लिहायला बसलो तो दीडला उठलो. हे तुझंच घर आहे असं पटवायला जाऊ नका, वाद होतो आणि त्यांची भीती वाढते, बऱ्याचदा त्यांना 'घर' ही जागा नकोच असते, सुरक्षित वाटायला हवं असतं, चार पावलं बरोबर चाला, त्या घरात कोण कोण होतं ते त्यांनाच विचारा, अंधारून यायच्या आधी दिवे लावा, असं जे जे उपयोगी पडलं ते सगळं लिहिलं. खाली चाळीसेक जणांनी आपापलं लिहिलं. गेल्या आठवड्यात एका मित्राला त्याची लिंक द्यायला गेलो तर प्रश्नाच्या जागी टिंब. बाकी काही नाही, एक टिंब. माझं पहिलंच वाक्य आहे "नाही, हे खोटं बोलणं नव्हे." ते आता कुणाला उद्देशून आहे सांगा बरं?

शुद्धलेखन सुधारा, चुकून राहिलेला 'नका' घाला, त्याला कोण नाही म्हणतंय. पण कुणी उत्तर दिल्यावर ते एकट्याचं राहत नाही. माझं मत ठाम आहे.

सुतळी

+१. तांत्रिक धाग्यांत तर याहून वाईट अवस्था. डिस्क उडालीये, रात्रभर शोधतोय, शेवटी अगदी तोच एरर असलेला धागा सापडतो आणि प्रश्नकर्त्याने सगळं काढून लिहिलेलं असतं "जमलं, धन्यवाद". अरे काय जमलं, कसं जमलं? स्टॅक ओव्हरफ्लोवर (प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट) म्हणूनच ज्या प्रश्नाखाली लोकांनी दाद दिलेलं उत्तर आहे तो विचारणाऱ्याला स्वतः काढता येत नाही. २०२४ मध्ये त्यांनी लोकांनी लिहिलेली उत्तरं वापरू द्यायचा ओपनएआयशी (चॅटजीपीटीवाली कंपनी) करार केला तेव्हा चिडून काहींनी आपली जुनी उत्तरं मुद्दाम बिघडवली, ती परत होती तशी केली गेली आणि त्यांची खाती काही दिवस गोठवली. त्यांचा राग मला समजतो. पण भोगलं कुणी? कंपनीने नाही, रात्री दोनला अडकून पडलेल्याने.

निर्मळ

माझं नाव घेऊन धागा काढलाय तर मीही सविस्तरच लिहिते.

ओसरी, तुम्ही दीड वाजेपर्यंत जागलात, चांगलं काम केलंत, मनापासून म्हणते. पण म्हणून तिच्या आईच्या आजारावर तुमचा हक्क लागत नाही. ती बाई त्या दिवशी एकटी होती, घाबरलेली होती, अनोळखी लोकांना जे सांगू नये ते सांगून बसली. आज तिला ते नको असेल तर नको.

मी तेविसाव्या वर्षी माझ्या मोडणाऱ्या लग्नाबद्दल लिहिलं होतं. टोपणनावानेच, पण गावाचं नाव, कॉलेज, नवऱ्याचा व्यवसाय, सगळं त्यात येऊन गेलं, रडत लिहिताना कोण तपासतं? सहा वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीत समोरच्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "हे तुम्हीच ना?" तो धागा मला काढता येत नव्हता, कारण तेव्हा चोवीस तासांनंतर संपादन बंद व्हायचं. संपादकांना तीन मेल केले. उत्तर काय आलं माहितीये? "चर्चेचा संदर्भ जाईल." माझं आयुष्य जात होतं आणि यांना संदर्भाची पडली होती. त्यामुळे ते टिंब बघून मला राग नाही येत, सुटली बिचारी असं वाटतं.

उंबरठा

वैयक्तिक दुःखाचा आदर आहे, पण त्याच्या आडून जे चालतं त्यावर कुणी बोलणार की नाही? दहातले नऊ लोक असल्या कारणासाठी काढत नाहीत हो. वादात हरले की काढतात.

माझ्याबाबतीत घडलेलं सांगतो. एकाने लिहिलं की आत्महत्या करणारे भित्रे असतात. माझ्या घरात हे झालेलं आहे, त्यामुळे मी फार कडक शब्दांत उत्तर दिलं. त्याने अर्ध्या तासात आपला प्रतिसाद बदलून "अशा लोकांना मदत मिळायला हवी" असं केलं. म्हणजे नंतर येणाऱ्याला काय दिसलं, तो बिचारा मदतीचं बोलतोय आणि मी त्याच्या अंगावर धावून जातोय. वीस जणांनी मला सुनावलं, संपादकांनी मला ताकीद दिली. ध चा मा करून मोकळा झाला. तेव्हापासून मी आधी स्क्रीनशॉट काढतो, मग उत्तर देतो. आणि कुणी फिरवाफिरवी केली की सरळ चिकटवतो. काढलेलंही चिकटवतो.

रानवाट

ध चा मा दुसऱ्याच्या पत्रात केला होता अशी गोष्ट आहे, स्वतःच्या नाही. खरा ध चा मा म्हणजे रेडिटवर २०१६ मध्ये झाला तो, खुद्द त्यांच्या प्रमुखाने त्याला शिव्या देणाऱ्यांच्या कमेंटमधलं स्वतःचं नाव काढून तिथे दुसऱ्यांची नावं घातली, नंतर कबूलही केलं. त्याची आणि स्वतःचं वाक्य मागे घेण्याची बरोबरी करू नका.

आणि काढलेलंही चिकटवता म्हणजे? कुणी दिली परवानगी?

उंबरठा

परवानगी कसली? जे चारचौघांत बोललात ते मी ऐकलं. ऐकलेलं विसरायला मी बांधील नाही.

रानवाट

ऐकणं वेगळं, दवंडी पिटणं वेगळं. माझ्या बहिणीने तिच्या गर्भपाताबद्दल लिहिलं होतं, दोन तासांत काढलं. पण त्या दोन तासांत तुमच्यासारख्याच कुणी सत्यवादीने स्क्रीनशॉट काढला आणि तो फिरत फिरत नातेवाइकांच्या ग्रुपवर आला. आईला तोपर्यंत माहीत नव्हतं. आईला ते स्क्रीनशॉटमधून कळलं!! तुम्ही पुराव्याच्या गोष्टी करताय, मला हे दिसतं.

उंबरठा

त्याच्याशी माझा संबंध जोडू नका. मी असलं काही कधी केलेलं नाही आणि हा आरोप मी सहन करणार नाही.

निर्मळ

मग कुठलं ठेवायचं आणि कुठलं फिरवायचं हे कोण ठरवतं? तुम्हीच ना? उद्या चिडलात की तुमच्या फोनमधलं काय बाहेर येईल ते आम्हाला काय माहीत. किती जणांचे आहेत तुमच्याकडे? माझा आहे?

उंबरठा

आहे. एक. पण तो तुमच्या लग्नाबद्दलचा नाही, परवाच्या त्या वाक्याचा आहे.

निर्मळ

हेच म्हणत होते.

सुतळी

अहो मूळ प्रश्न संपादनाचा आहे, स्क्रीनशॉटवर वेगळा धागा काढा.

रानवाट

वेगळा कसा? काढलेलं काढलेलं राहणार नसेल तर काढायच्या हक्काला अर्थ काय उरतो? मला तर हाच मूळ प्रश्न वाटतो.

जुनी_वही

बराच वेळ वाचतोय, आता राहवलं नाही. दोन्हीकडून अर्धंच बोललं जातंय.

"विसरलं जाण्याचा हक्क" म्हणून जो २०१४ चा युरोपियन न्यायालयाचा निकाल सगळे फेकतात, त्यात मूळ मजकूर पुसलाच नव्हता. स्पेनमधल्या एका माणसाच्या मालमत्तेच्या लिलावाची १९९८ ची नोटीस होती, ती वर्तमानपत्राच्या साइटवर राहिली, फक्त त्याचं नाव शोधल्यावर गूगलने ती दाखवू नये असं ठरलं. म्हणजे गोष्ट राहू दे, माणसापर्यंत जाणारी वाट तोडा. नंतर २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआरच्या (युरोपचा खासगी माहिती जपण्याचा कायदा) कलम १७ मध्ये पुसायचा हक्क आला, पण त्यालाही अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा अपवाद आहे. दुसरीकडे विकिपीडिया घ्या, प्रत्येक बदलाचा इतिहास जपतो, कुणी स्वल्पविराम हलवला तरी दिसतं. पण त्या इतिहासात कुणाचा फोन नंबर किंवा पत्ता आला तर तो तिथूनही झाकतात. जे लोक काहीच पुसत नाहीत त्यांनाही कळलं की काही गोष्टी पुसाव्या लागतात.

उंबरठा यांचं जे झालं त्यावर उपाय आधीचा मजकूर दिसण्याचा, स्क्रीनशॉटचा नव्हे. फेसबुकवर बदललेल्या पोस्टचा इतिहास बघता येतो. व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये संपादन दिलं तर पंधरा मिनिटांपुरतं आणि 'संपादित' असा शिक्का मारून. पण नुसत्या शिक्क्याने भागत नाही, टंकनदोष काढला की अर्थ फिरवला ते शिक्क्यावरून कळत नाही. आधीचं दिसायला हवं.

निर्मळ

आधीचं दिसायला हवं म्हटलंत की मी पुन्हा मुलाखतीच्या टेबलाशी येऊन बसले.

जुनी_वही

खरंय. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. बदललेल्याचा इतिहास दिसावा आणि काढलेल्याचा दिसू नये, एवढंच सुचतंय.

ओसरी

काढलेल्याबद्दल माझं समाधान झालेलं नाही. चाळीस लोकांच्या श्रमाचं काय, यावर कुणी बोललंच नाही. निर्मळ, तुमच्याबाबतीत संपादकांनी केलं ते चूकच, गाव-कॉलेज-व्यवसाय तेव्हाच काढायला हवं होतं, एवढं मान्य करतो. पण तेवढंच काढायचं. प्रश्न ठेवायचा.

कवडसा

ते टिंब माझं आहे.

लिहावं की नाही चार दिवस विचार करत होते. ओसरी, तुमचं उत्तर मी छापून फ्रिजवर लावलं होतं. आई गेली वर्षभरापूर्वी. तोपर्यंत रोज संध्याकाळी आम्ही दोघी व्हरांड्यात फेऱ्या मारायचो आणि ती मला तिच्या माहेरच्या घरातल्या माणसांची नावं सांगायची, त्यातली निम्मी मी आधी कधी ऐकलीही नव्हती. ते तुमच्यामुळे.

मी प्रश्न काढला कारण त्यात लिहिलं होतं की एकदा मी तिला मारलं. तुम्हाला आठवत असेल. माझी मुलगी आता पंधराची आहे, आजीवर तिचा फार जीव होता, ती इथे वाचते. गाव काढून ते गेलं नसतं, कारण तिला गाव माहीतच आहे. मला अर्धं काढायचं सुचलं नाही, सगळं उडवलं आणि रडत बसले. तुम्हा लोकांच्या लिहिण्याचं काय होईल हा विचार खरंच आला नाही, त्याबद्दल माफी मागते. पण तुमच्या उत्तरात माझं ते वाक्य अवतरणात अजून आहे. ते काढाल का?

ओसरी

हो. आत्ता काढलं.

त्या वाक्याला उद्देशून माझा एक अख्खा परिच्छेद होता, मीही वडिलांवर हात उगारला होता त्याबद्दलचा. तोही काढावा लागला, तुमच्या वाक्याशिवाय तो उभा राहत नव्हता. माझ्या उत्तरातला सगळ्यात खरा भाग तोच होता, त्यामुळे वाईट वाटतंय हे लपवत नाही. तुमची हरकत नसेल तर सुरुवातीला एवढंच घालतो: "आई संध्याकाळी घरातच असताना 'घरी जायचंय' म्हणते, काय करावं?" तुमचं नाव नाही, बाकी काही नाही. खाली 'संपादित' म्हणून तारीख टाकतो.

कवडसा

चालेल. धन्यवाद.

उंबरठा

कवडसा यांच्याबद्दल बोलायचं नाही, त्यांनी काढलं ते बरोबर केलं. पण वाद हरल्यावर वाक्य फिरवणाऱ्यांबद्दल माझं मत तेच आहे आणि त्यांचे स्क्रीनशॉट मी काढणार.

रानवाट

फोनमध्ये ठेवा मग. चिकटवू नका.

उंबरठा

ताकीद मला मिळाली होती, तुम्हाला नाही.